राज्य कामगार विमा योजना

राज्य कामगार विमा योजना (कार्यालयीन नाव : कर्मचारी राज्य विमा योजना; बोलीभाषेत 'ईएसआय') ही भारतातील अल्प वेतनावर काम करणारे कामगार व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी असलेली सक्तीची सामाजिक विमा योजना आहे. कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ या कायद्याने तिची स्थापना झाली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे तिचा प्रारंभ झाला. आजारपणातील उपचार, आजारामुळे बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई, प्रसूतिरजेतील वेतन, कामावरील अपघातातून येणारे अपंगत्व आणि कामगाराच्या मृत्यूनंतर अवलंबितांचा निर्वाह या बाबी तिच्या कक्षेत येतात.

योजनेचा खर्च मालक व कामगार यांच्या वर्गणीतून भागतो आणि ही वर्गणी केवळ वेतनाच्या टक्केवारीने ठरते. कामगाराचे वय, त्याचा जुना आजार अथवा कुटुंबातील माणसांची संख्या यांमुळे तिच्यात फरक पडत नाही. त्यामुळे दहा माणसांच्या कारखान्याला आणि हजारो कामगारांच्या गिरणीला विमा एकाच दराने मिळतो. मात्र हे संरक्षण काही आकड्यांनी बांधलेले आहे : १० माणसे, २१,००० रुपये आणि ७८ दिवस. योजनेच्या आत कोण व बाहेर कोण हे या आकड्यांवर ठरते.

नावाविषयी

योजनेच्या नावातील 'राज्य' हा शब्द विद्यार्थ्यांची हमखास दिशाभूल करतो. येथे 'राज्य' म्हणजे महाराष्ट्र, गुजरात यांसारखे घटकराज्य नव्हे, तर शासनसंस्था या व्यापक अर्थाने राज्य. खासगी कंपनीने नव्हे, शासनाने उतरवलेला विमा असा या नावाचा आशय आहे. योजना केंद्रीय कायद्याखाली चालते. वैद्यकीय सेवेची व्यवस्था मात्र बऱ्याच अंशी घटकराज्यांकडे असल्यामुळे गैरसमजात भर पडते. महाराष्ट्रात 'कामगार विमा योजना', 'कामगार रुग्णालय' ही नावे रूढ झाली. मुंबईच्या चाळींतून 'ईएसआयचा दवाखाना' हा शब्दप्रयोग दोन पिढ्या सर्रास ऐकू येत असे. दरमहाच्या वर्गणीला कार्यालयीन भाषेत 'अंशदान' म्हणतात. कामगार तिला नुसते 'कपात' म्हणतो.

पार्श्वभूमी

कामगाराच्या आजारपणाचा विमा राष्ट्रीय पातळीवर सक्तीचा करणारा पहिला कायदा जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत, १८८३ मध्ये झाला. भारतात १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने अपघाताची जबाबदारी मालकावर टाकली. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने प्रसूती लाभाचा कायदा केला. या विधेयकावरील चर्चेत मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. या दोन्ही कायद्यांत एक अडचण समान होती. भरपाई एकट्या मालकाने आपल्या खिशातून द्यायची असल्यामुळे ती टाळण्याकडे त्याचा कल राही. स्त्रियांना कामावरच न घेणे हा त्यातला सर्वांत सोपा मार्ग होता. साध्या आजारपणासाठी तर काहीच तरतूद नव्हती. ताप आला की मजुरी बुडे आणि औषधाचा खर्च नेमका त्याच वेळी उभा राही.

मजूरविषयक शाही आयोगाने (व्हिटली आयोग) १९३१ च्या अहवालात आजारपणाच्या विम्याचा प्रश्न पुढे आणला. १९४३ मध्ये सरकारने प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. अडारकरांनी १९४४ मध्ये अहवाल सादर केला. पुढे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे मॉरिस स्टॅक व रघुनाथ राव या तज्ज्ञांनी तो तपासला. आजारपण, प्रसूती व अपघात यांचा एकत्रित विमा असावा, हे त्यांच्या सूचनांचे मुख्य सूत्र होते. १९४६ मध्ये विधेयक मांडले गेले व एप्रिल १९४८ मध्ये, संविधान अमलात येण्याआधीच, कायदा संमत झाला.

कायदा झाला तरी अंमलबजावणीला चार वर्षे लागली. ज्या शहरांत योजना प्रथम लागू होईल तेथील कारखानदारांवर खर्चाचा बोजा पडेल आणि अन्य शहरांतील प्रतिस्पर्धी मोकळे राहतील, ही मालकांची तक्रार त्याचे एक कारण होती. तिच्यावर १९५१ च्या दुरुस्तीने तोडगा काढला. योजना पोहोचली असो वा नसो, देशभरच्या कारखानदारांकडून 'विशेष वर्गणी' घेण्यात आली. जेथे योजना सुरू झाली तेथे तिचा दर अधिक ठेवला. कानपूर येथील आरंभसमारंभ पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाला. सुरुवातीला सुमारे १ लाख २० हजार कामगार योजनेत आले. १९५४ मध्ये नागपूर व मुंबई येथे ती लागू झाली. प्रारंभी वैद्यकीय सेवा फक्त कामगारापुरती होती. कुटुंबीयांना ती १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मिळू लागली.

वर्गणी

१ जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के व कामगाराची ०.७५ टक्के, एकूण ४ टक्के आहे. त्याआधी १९९७ पासून हे दर अनुक्रमे ४.७५ व १.७५ टक्के, म्हणजे एकूण ६.५ टक्के होते. ज्यांची सरासरी रोजची मजुरी १७६ रुपयांपर्यंत आहे, त्यांना स्वतःची वर्गणी माफ असते. मालकाला मात्र आपला वाटा भरावाच लागतो.

उदाहरणार्थ, दरमहा १४,००० रुपये मिळवणाऱ्या कामगाराच्या पगारातून १०५ रुपये कापले जातात व मालक ४५५ रुपये घालतो. एकूण ५६० रुपये पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावे लागतात. मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून वळता करण्यास कायद्याने बंदी आहे.

लहान मालकाच्या दृष्टीने या ४५५ रुपयांचा अर्थ नीट पाहण्याजोगा आहे. योजना लागू असलेल्या कामगाराच्या बाबतीत प्रसूती लाभ व अपघात भरपाई यांची जबाबदारी मालकाकडून कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे जाते. वरील वेतनाच्या स्त्री कामगाराला २६ आठवड्यांची प्रसूतिरजा मिळाली, तर त्या काळाचे वेतन सुमारे ८४,००० रुपये होते. योजना नसती तर ही रक्कम मालकाला द्यावी लागली असती. अपघाती मृत्यूची एकरकमी भरपाई याहून कितीतरी मोठी असते. हजार कामगारांच्या कंपनीला असा प्रसंग पेलता येतो; बारा माणसांच्या कारखान्याला एकच अपघात बुडवू शकतो. खासगी कंपनीकडून सामूहिक आरोग्य विमा घ्यावा, तर माणसे थोडी असल्यामुळे एखाद्या गंभीर आजाराने पुढील वर्षाचा हप्ता वाढण्याची भीती राहते. राज्य कामगार विम्यात जोखीम देशभर वाटली जाते. योजनेला 'मालकावरचा बोजा' म्हणण्याची प्रथा आहे, तिच्यात ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

कोणाला लागू

१० अथवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना योजना लागू होते. पूर्वी विजेसारख्या यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी ही संख्या १० व इतरांसाठी २० होती. २०१० च्या दुरुस्तीने हा भेद नाहीसा झाला. दुकाने, उपाहारगृहे, चित्रपटगृहे, रस्ते वाहतूक व वृत्तपत्रे यांना राज्य सरकारांच्या अधिसूचनांद्वारे आणि अनेक राज्यांत खासगी शिक्षणसंस्था व रुग्णालये यांनाही ती लागू करण्यात आली आहे. एकदा योजना लागू झाली की पुढे माणसे दहाहून कमी झाली तरी ती चालूच राहते. ही तरतूद महत्त्वाची आहे. अन्यथा दोन माणसे कमी करून सुटका करून घेणे सोपे झाले असते.

जुन्या भेदातून न्यायालयीन वाद पुष्कळ झाले. उपाहारगृहातील स्वयंपाकाचा गॅस ही 'शक्ती' होय की नव्हे, असा प्रश्न बॉम्बे आनंद भवन उपाहारगृहाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि २००९ मध्ये त्याचे उत्तर 'होय' असे मिळाले. कामगार कोणाला म्हणावे यावर रॉयल टॉकीज (१९७८) हा निकाल मार्गदर्शक मानला जातो. चित्रपटगृहाच्या आवारातील उपाहारगृह व सायकल तळ ठेकेदार चालवत होते. तेथील माणसे चित्रपटगृहाची नाहीत हा मालकांचा युक्तिवाद न्यायालयाने नाकारला. आवारात चालणारे व मुख्य व्यवसायाला पूरक असलेले काम करणारा माणूस योजनेच्या आत येतो, असे ठरले.

दुसरी मर्यादा वेतनाची. आरंभी दरमहा ४०० रुपयांपर्यंतचे कामगार पात्र होते. ही मर्यादा १९९७ मध्ये ६,५००, २००४ मध्ये ७,५००, २००६ मध्ये १०,०००, २०१० मध्ये १५,००० आणि १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये झाली. अपंग कामगारांसाठी ती २५,००० रुपये आहे. अधिकवेळ कामाचा (ओव्हरटाइमचा) मोबदला पात्रता ठरवताना धरत नाहीत.

वर्गणीचे सहामाही पर्व चालू असताना पगार मर्यादेपलीकडे गेल्यास कामगार लगेच बाहेर पडत नाही. मे महिन्यात २२,००० रुपये मिळू लागलेल्या माणसाची वर्गणी पूर्ण वेतनावर सप्टेंबरअखेर चालते व त्या वर्गणीचे लाभ पुढील जूनअखेर मिळतात. त्यानंतर मात्र तो व त्याचे कुटुंब योजनेबाहेर जातात. महागाईनुसार वेतन वाढते आणि मर्यादा वर्षानुवर्षे तेथेच थांबते, तेव्हा हजारो रुपये नव्हे तर शंभर-दोनशे रुपयांची वेतनवाढ कामगाराचा विमा घालवते. मधुमेहाची वा मूत्रपिंडाची कायमची औषधे चालू असलेल्या घरात अशी वेतनवाढ नको वाटावी, हा या मर्यादेचा विपरीत परिणाम आहे.

हंगामी कारखाने योजनेतून वगळलेले आहेत. वर्षात सात महिन्यांहून अधिक न चालणारे काही कारखाने, तसेच केवळ सरकी काढणे, कापूस दाबणे, शेंगा फोडणे, चहा, कॉफी, साखर व गूळ तयार करणे अशी कामे करणारे कारखाने यांचा या व्याख्येत समावेश होतो. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा अपवाद लहान नाही. ऊसतोडणी कामगार, शेतमजूर, घरकामगार व फेरीवाले हेही योजनेच्या बाहेरच आहेत.

लाभ

वैद्यकीय लाभ नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामगार व कुटुंबीय या दोघांना मिळतो. दवाखान्यातील तपासणी, औषधे व रुग्णालयातील उपचार त्यात येतात आणि खर्चाला ठराविक रकमेची कमाल मर्यादा नाही. हृदयशस्त्रक्रियेसारख्या विशेष उपचारांसाठी मात्र काही काळ वर्गणी भरलेली असणे आवश्यक असते. किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला केवळ १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी ही सेवा चालू ठेवता येते. ही सवलत अनेक निवृत्तांना ठाऊकच नसते.

आजारपण लाभ म्हणजे प्रमाणित आजाराच्या काळात सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के रक्कम, वर्षात कमाल ९१ दिवस. साधारणतः पहिले दोन दिवस धरले जात नाहीत. क्षय, कर्करोग, पक्षाघात अशा ३४ दीर्घ आजारांसाठी, दोन वर्षांची सलग विमापात्र नोकरी झालेली असल्यास, ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मदत मिळते. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी पूर्ण वेतन दिले जाते : पुरुषाला ७ व स्त्रीला १४ दिवस. आजारपण लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढण्यास कायद्याने मनाई आहे.

आजारपण लाभासाठी संबंधित पर्वात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते आणि येथे पंचांग पाहावे लागते. वर्गणीची पर्वे दोन आहेत. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळात भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढील १ जानेवारी ते ३० जून या काळात मिळतो. १ ऑक्टोबर ते ३१ मार्चच्या वर्गणीचा १ जुलै ते ३१ डिसेंबर या काळात. म्हणजे नोव्हेंबरात आजारी पडलेल्या कामगाराची नुकत्याच संपलेल्या सप्टेंबरापर्यंतची वर्गणी पाहत नाहीत. त्याआधीच्या ऑक्टोबर ते मार्च या काळातील दिवस मोजतात. प्रथमच नोकरीला लागलेल्याचे लाभपर्व नऊ महिन्यांनी सुरू होते. बारमाही नोकरीतल्या माणसाला ७८ दिवसांची अट जाणवतही नाही. ज्याला दर तीन-चार महिन्यांनी 'ब्रेक' देऊन पुन्हा कामावर घेतले जाते, त्याचे दिवस मात्र एकदा या पर्वात व एकदा त्या पर्वात अपुरे पडतात. त्याची कपात नियमित होते, लाभ मात्र मिळत नाही.

प्रसूती लाभ २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे व त्यापुढे १२ आठवडे आहे. तो पूर्ण सरासरी वेतनाच्या दराने मिळतो. त्यासाठी आधीच्या दोन वर्गणीपर्वांत मिळून ७० दिवस भरलेले असावे लागतात. गर्भपात झाल्यास सहा आठवडे मिळतात.

अपघाताच्या लाभाला दिवसांची अट नाही. कामावर लागल्याच्या दिवशीच इजा झाली तरी तात्पुरत्या अपंगत्वात ९० टक्के वेतन मिळते. कायम अपंगत्व आल्यास वैद्यकीय मंडळाने ठरवलेल्या प्रमाणात मासिक रक्कम आयुष्यभर मिळते. मृत्यू झाल्यास याच ९० टक्क्यांच्या हिशेबाने विधवा, मुले व अवलंबित आईवडील यांच्यात निवृत्तिवेतन वाटले जाते. अंत्यविधीसाठी १५,००० रुपयांपर्यंत खर्च दिला जातो. घरून कामावर येताना वा परतताना झालेला अपघात कामावरचा मानावा काय, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. कारखान्यापासून सुमारे एक किलोमीटरवर सायकलस्वार कामगाराला ट्रकची धडक बसली, त्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लाभ नाकारला. २०१० च्या दुरुस्तीने, प्रवासाचा कामाशी वेळ, स्थळ व परिस्थिती यांच्या दृष्टीने संबंध असल्यास, असे अपघात विम्याच्या आत आणले.

बेरोजगारीसाठी २००५ मध्ये राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना व २०१८ मध्ये अटल बिमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. दुसऱ्या योजनेत नोकरी गेल्यावर सरासरी वेतनाच्या २५ टक्के रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळे; कोविड साथीच्या काळात, २०२० मध्ये, हे प्रमाण ५० टक्के करण्यात आले.

प्रशासन

योजना कर्मचारी राज्य विमा महामंडळ चालवते. केंद्रीय श्रममंत्री त्याचे अध्यक्ष असतात. केंद्र व राज्य सरकारे, मालक, कामगार, वैद्यकीय व्यवसाय व संसद यांचे प्रतिनिधी त्यात असतात. रोख लाभ महामंडळ स्वतःच्या शाखांतून देते. वैद्यकीय सेवा बहुतेक ठिकाणी राज्य सरकारे पुरवतात व ठराविक मर्यादेपर्यंत तिच्या खर्चाचा आठवा हिस्सा उचलतात; उरलेले सात हिस्से महामंडळाचे. पैसा एकाचा व कर्मचारीभरती दुसऱ्याची या विभागणीमुळे रिक्त पदे, बंद यंत्रे व औषधांचा तुटवडा यांची जबाबदारी नेमकी कोणाची, हे रुग्णाला कधीच कळत नाही.

महाराष्ट्र व गोवा

मुंबईत योजना आली तेव्हा गिरणगाव भरात होते. येथे दवाखाने उघडण्याबरोबरच 'पॅनेल डॉक्टर' पद्धत स्वीकारण्यात आली. वस्तीतील खासगी डॉक्टर (विमा वैद्यकीय व्यवसायी) आपल्याकडे कामगारांची कुटुंबे नोंदवून घेई आणि नोंदलेल्या माणसांच्या संख्येनुसार त्याला वार्षिक मोबदला मिळे. कामगाराला ओळखीचा, जवळचा आणि पाळी सुटल्यावरही भेटणारा डॉक्टर मिळाला, हा या पद्धतीचा गुण. आजारपणाचे प्रमाणपत्र देणाराही तोच असल्याने खोट्या रजांचे आरोप, हा तिचा कायमचा वाद. परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय हे मुंबईतील योजनेचे प्रमुख रुग्णालय ठरले. मुलुंड, ठाणे, उल्हासनगर, नाशिक, सोलापूर, नागपूर आदी ठिकाणीही कामगार रुग्णालये उभी राहिली. अंधेरी येथील रुग्णालयास १७ डिसेंबर २०१८ रोजी आग लागून जीवितहानी झाली आणि परिसरातील कामगारांना दीर्घकाळ अन्यत्र जावे लागले. गोव्यात मडगाव येथे योजनेचे रुग्णालय आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईतील कापड उद्योगाचा कणा मोडला. नोकरीबरोबर विमाही गेला, ही गोष्ट संपाच्या इतिहासात क्वचितच नोंदली जाते. कापडाचे उत्पादन भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे वळले. तेथे एका छपराखालचे माग चार नावांवर असणे ही नवलाची गोष्ट नव्हती; प्रत्येक नावाखाली दहाहून कमी माणसे दाखवली की योजना लागू होत नसे. गिरणीतला कामगार ज्या विम्यात होता, तेच काम करणारा यंत्रमागावरचा त्याचा भाऊ त्याच्या बाहेर राहिला.

ठेकेदार आणि न भरलेली वर्गणी

ठेकेदारामार्फत घेतलेल्या कामगाराची वर्गणी भरण्याची प्राथमिक जबाबदारी मुख्य मालकावर आहे. ती भरून त्याने ठेकेदाराकडून वसूल करावयाची असते. कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम न भरणे हा फौजदारी विश्वासघात मानला जातो. व्यवहारात मात्र पगारचिठ्ठीवर कपात दिसते आणि महामंडळाच्या खात्यात नोंद नसते, असे घडते. याचा शोध बहुधा रुग्णालयाच्या खिडकीशी लागतो. प्रत्येक विमाधारकाला दहा अंकी विमा क्रमांक मिळतो व नोकरी बदलली तरी तोच चालतो. आपल्या नावावर किती दिवसांची वर्गणी जमा झाली हे त्या क्रमांकावरून संकेतस्थळावर पाहता येते. नव्या नोकरीत नवा क्रमांक काढून घेणाऱ्या कामगाराची आधीची नोकरी हिशेबात येत नाही व दीर्घ आजाराच्या लाभासाठी लागणारी दोन वर्षे पुन्हा शून्यापासून मोजली जातात.

नोंदणी टाळलेल्या मालकांना मागील थकबाकीची भीती न ठेवता पुढे येता यावे, यासाठी महामंडळाने २०१६-१७ मध्ये व पुन्हा २०२५ मध्ये विशेष नोंदणी मोहीम राबवली.

टीका

योजनेवर दोन विरुद्ध बाजूंनी टीका होते. वर्गणी भरूनही सेवा न वापरणारे कामगार पुष्कळ आहेत. रांगा, लांबचे रुग्णालय व बुडणारी हजेरी यांना कंटाळून ते खासगी डॉक्टरकडे जातात. महामंडळाकडे मोठी शिल्लक साठते, तरी दवाखान्यात पदे रिकामी असतात. २०१५-१६ चा अर्थसंकल्प मांडताना तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी, विमाधारक हे योजनेचे ग्राहक नसून ओलीस असल्याची टीका करून कामगाराला खासगी आरोग्य विम्याचा पर्याय देण्याचे सूतोवाच केले होते. कामगार संघटनांनी त्याला विरोध केला. तरुण व निरोगी कामगार बाहेर पडतील, वृद्ध व आजारी मागे राहतील आणि एकसमान वर्गणीचा पायाच ढासळेल, असा विरोधाचा आशय होता. शिवाय आरोग्य विम्याची साधी पॉलिसी रुग्णालयाचे बिल देते, बुडालेली मजुरी देत नाही.

हाच फरक शासनाच्या इतर योजनांशी तुलना करतानाही ध्यानात घ्यावा लागतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना (महाराष्ट्र) व २०१८ ची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना यांत कुटुंबाला वर्गणी द्यावी लागत नाही. पण त्या मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांपुरत्या आहेत. रोजचे औषध व रजेतील वेतन त्यांत येत नाही.

अन्य देशांतील तुलना

अमेरिकेत नोकरदारांचा आरोग्य विमा मुख्यतः मालकामार्फत खासगी कंपन्यांकडून घेतला जातो. लहान मालकांना तो परवडत नसल्यामुळे काही राज्यांनी स्वतःच्या योजना काढल्या. हवाई राज्याच्या १९७४ च्या कायद्याने आठवड्याला २० तास वा अधिक काम करणाऱ्यांचा विमा मालकावर बंधनकारक केला आणि कामगाराचा वाटा वेतनाच्या दीड टक्क्यापुरता मर्यादित ठेवला. ओक्लाहोमा राज्याने २००५ मध्ये तंबाखूवरील कराच्या उत्पन्नातून योजना सुरू केली. तिच्यात अल्प उत्पन्नाच्या कामगाराच्या हप्त्याचा ६० टक्के भार राज्य, २५ टक्के मालक व १५ टक्क्यांपर्यंत कामगार उचलतो. येथे हप्ता बाजार ठरवतो व राज्य त्याला हातभार लावते. भारतीय योजनेत हप्ताच वेतनावरून ठरतो. मात्र उपचार कोणाकडे घ्यावेत याची निवड कामगाराकडे फारशी राहत नाही.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०

१९४८ चा अधिनियम व इतर आठ कायदे एकत्र करून संसदेने २०२० मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता संमत केली; २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आणण्यात आली. दहा माणसांची अट व हंगामी कारखान्यांचा अपवाद तिच्यातही कायम आहे. परंतु दहाहून कमी माणसे असलेल्या मालकाला, बहुसंख्य कामगारांची संमती असल्यास, स्वेच्छेने योजनेत येता येते. धोकादायक व्यवसायात एकच कामगार असला तरी केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे योजना लागू करू शकते. घरपोच माल पोहोचवणारे व ॲपवरून टॅक्सी चालवणारे कामगार यांच्यासाठीही महामंडळामार्फत योजना आखण्याची तरतूद आहे. वेतनाच्या नव्या व्याख्येनुसार बहुतेक भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास वरचा भाग वेतनात धरला जातो. त्यामुळे मूळ पगार कमी व भत्ते जास्त दाखवण्याची सोय आकसते आणि वर्गणी वाढते. कामगाराचा आजारपण लाभही याच वेतनावर मोजला जात असल्याने तोही वाढतो. ज्यांचा पगार २१,००० रुपयांच्या जवळपास आहे, त्यांना मात्र याच व्याख्येमुळे मर्यादेबाहेर जावे लागण्याची शक्यता असते.